संगणकाचे अंदाजपत्रक : डिचोली-पेडण्यातील उद्योगसंस्थांच्या दृष्टीने एक विचार

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या शताब्दी समारंभात व्यापारी संगणकाच्या खर्चावर व्याख्यान योजावे, हे प्रथमदर्शनी अनेकांना विसंगत वाटेल. परंतु ज्या संस्थेने शंभर वर्षे पुस्तके जतन केली, तिला या विषयाचे मर्म सांगावे लागत नाही. पुस्तकाची छापील किंमत ही त्याच्या खऱ्या खर्चाचा आरंभ असतो. पुढे कपाट लागते, बांधणी लागते, वाळवीपासून आणि पावसाळी दमटपणापासून संरक्षण लागते, नोंद ठेवणारा मनुष्य लागतो. संगणकाचेही तसेच आहे. फरक इतकाच, की पुस्तकाचा हा पुढचा खर्च डोळ्यांना दिसतो आणि संगणकाचा खर्च करारपत्राच्या मागच्या पानांत दडलेला असतो.

गोमंतकाला हिशेबाची परंपरा नवी नाही. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याची व्यापारी कागदपत्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जतन झाली. त्यांत पोर्तुगीज, फ्रेंच आणि मराठी अशा निरनिराळ्या भाषांतील पत्रव्यवहार आढळतो. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद या शब्दांना येथील व्यापाऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मान होता. गावकरी पद्धतीत तर एक फार मोठे आर्थिक शहाणपण होते. गावाच्या सामाईक उत्पन्नातून आधी बांधबंदिस्ती आणि इतर सामाईक खर्च भागवला जाई आणि उरलेली रक्कम ‘जोण’ म्हणून गावकऱ्यांत वाटली जाई. बांध फुटला, की खारे पाणी शेतात शिरते आणि मग वाटण्यासारखे काही उरत नाही, हे त्या लोकांना पुरते ठाऊक होते. आजच्या विषयाचे सूत्र याच एका नियमात सामावलेले आहे.

विषय आहे तो मध्यम आकाराच्या व्यापारी संगणकाचा. टेबलावर ठेवण्याच्या संगणकाहून मोठा आणि राष्ट्रीय बँकांच्या महासंगणककेंद्राहून लहान, असा हा वर्ग आहे. एखादी नागरी सहकारी बँक, शेकडो ट्रकांच्या फेऱ्यांची नोंद ठेवणारी खाण कंपनी, अनेक शाखांची पतसंस्था किंवा औद्योगिक वसाहतीतील औषधाचा कारखाना यांचे काम या वर्गात मोडते. या वर्गाचा सर्वांत दीर्घायुषी प्रतिनिधी म्हणजे आयबीएम कंपनीचा एएस/४०० हा संगणक. २१ जून १९८८ रोजी तो जाहीर झाला. त्याची जडणघडण अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या रॉचेस्टर या गावी झाली आणि त्याच्या रचनेमागे फ्रँक सॉल्टिस या अभियंत्याच्या कल्पना होत्या. पुढे २००० साली त्याचे नाव आयसीरीज झाले, २००६ साली सिस्टिम आय झाले आणि २००८ पासून त्याची कार्यप्रणाली ‘आयबीएम आय’ या नावाने पॉवर जातीच्या यंत्रांवर चालू लागली.

भारतात या यंत्राचा मार्ग सरळ नव्हता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भांडवलातील वाटा कमी करण्याचा प्रश्न उभा राहिला आणि १९७८ साली आयबीएमने भारतातील व्यवसाय आवरला. तिच्या यंत्रांची देखभाल पुढे सीएमसी या सरकारी कंपनीकडे गेली. १९९२ साली टाटा समूहाबरोबरच्या भागीदारीतून ती कंपनी पुन्हा भारतात आली. दरम्यान १९८० च्या दशकात डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील दोन समित्यांनी बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा घालून दिला होता. त्यामुळे १९९० च्या दशकात संस्थांपुढे प्रश्न आला तो ‘संगणक घ्यावा की नाही’ हा नव्हे, तर ‘कोणता घ्यावा आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यावर टाकावेत’ हा. तो प्रश्न आजही संपलेला नाही.

संचालक मंडळाच्या बैठकीत सामान्यतः एकच आकडा वाचला जातो, आणि तो यंत्राच्या किमतीचा असतो. त्या एका आकड्यावर चर्चा होते, घासाघीस होते, पाचदहा टक्के कमी होतात आणि समाधानाने ठराव संमत होतो. वस्तुतः मध्यम संगणकाच्या अंदाजपत्रकात किमान सात शीर्षके असावी लागतात. यंत्र, कार्यप्रणालीचा परवाना, आज्ञावली लिहिण्याची साधने, देखभालीचे करार, जागा आणि वीज, माणसे, आणि जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर जाण्याचा खर्च. त्यांवर आठवे शीर्षक राखीव निधीचे.

केवळ पद्धत समजावी म्हणून काही गृहीत आकडे घेता येतील. यंत्राची किंमत १०० मानली आणि कार्यप्रणाली व विकाससाधने यांच्या परवान्यांची ८० मानली. पहिल्या वर्षाची देखभाल किमतीतच धरली, तर दुसऱ्या वर्षापासून यंत्रासाठी १५ आणि आज्ञावलीसाठी १६, असे चार वर्षांचे १२४ होतात. वीज आणि वातानुकूलन वर्षाला ८ प्रमाणे पाच वर्षांचे ४०. या कामासाठी नेमलेल्या माणसांचे वेतन आणि शिक्षण वर्षाला ३० प्रमाणे १५०. स्थलांतराचे एकदाच ४०. बेरीज ५३४ होते आणि तिच्यावर दहा टक्के राखीव धरले, की एकूण सुमारे ५८७. ज्या १०० साठी मंडळाने घासाघीस केली, तो आकडा पाच वर्षांच्या खऱ्या खर्चाचा जेमतेम सहावा भाग ठरतो. प्रत्येक संस्थेचे आकडे वेगळे असतील, पण सहसा प्रमाणाची दिशा हीच राहील. यंत्रात दहा टक्के सूट मिळवणाऱ्या संस्थेने ५८७ पैकी १० वाचवलेले असतात. देखभालीच्या कलमावर चार वर्षे दहा टक्के सूट मिळाली असती, तर १२ हून अधिक वाचले असते.

यांतील विकाससाधनांचे शीर्षक सर्वाधिक दुर्लक्षित आणि म्हणून सर्वाधिक धोक्याचे आहे. एएस/४०० वरील व्यापारी आज्ञावल्या प्रामुख्याने आरपीजी या भाषेत लिहिल्या गेल्या. ही भाषा मुळात १९५९ साली १४०१ या यंत्रासाठी अहवाल छापण्याच्या सोयीकरिता निघाली. १९९४ साली तिचे आयएलई हे नवे रूप आले, २००१ मध्ये तिच्यातील गणनेचा भाग रकान्यांच्या बंधनातून मोकळा झाला आणि २०१३ पर्यंत ती जवळजवळ संपूर्णपणे मुक्त लेखनाची झाली. जुनी हिरव्या पडद्यावरची संपादनसाधने मात्र त्या वेगाने वाढली नाहीत. त्यांतील एसईयू या संपादकाची भाषेविषयीची जाण ६.१ या आवृत्तीपाशीच थांबली. त्यामुळे नव्या पद्धतीने लिहू इच्छिणाऱ्या संस्थेला रॅशनल डेव्हलपर फॉर आय यासारखी सशुल्क साधने घ्यावी लागली. त्यांची आकारणी आज्ञावलीकारांच्या संख्येवर होत असे. पुढे व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकासाठी ‘कोड फॉर आयबीएम आय’ हा विनामूल्य जोड उपलब्ध झाला आणि लहान संस्थांवरील हा भार पुष्कळ हलका झाला. कंपायलरचा परवाना मात्र स्वतंत्रच पाहावा लागतो. ज्या संस्थेने तयार आज्ञावली विकत घेतली आणि कंपायलर घेतला नाही, तिला एका ओळीच्या दुरुस्तीसाठीही विक्रेत्याच्या दारी जावे लागते.

दुरुस्त्यांची गरज किती अवचित येते, याची साक्ष गेल्या काही दशकांचा इतिहास देतो. वर्षाचे दोनच आकडे साठवणाऱ्या आज्ञावल्यांमुळे २००० सालचा प्रश्न उभा राहिला. १ एप्रिल २००५ पासून गोव्यात मूल्यवर्धित कर आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. प्रत्येक वेळी बिलाचा नमुना, कराची गणना आणि विवरणपत्रे बदलली. कायदा करणारे कोणाच्या अंदाजपत्रकाची वाट पाहत नाहीत. ज्या संस्थेकडे आपल्या आज्ञावलीची मूळ संहिता, ती पुन्हा बांधण्याचे साधन आणि ती वाचू शकणारा मनुष्य, या तिन्ही गोष्टी होत्या, तिला असा बदल म्हणजे काही आठवड्यांचे काम होते. ज्या संस्थेकडे चालणारी आज्ञावली होती पण मूळ संहिता नव्हती, तिच्यापुढे सबंध प्रणाली नव्याने घेण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. म्हणून खरेदीच्या करारात मूळ संहितेचे कलम असणे, किंवा विक्रेता व्यवसायातून बाहेर पडल्यास ती संस्थेला मिळेल अशी तजवीज असणे, हे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. देवस्थानाचा ताम्रपट पुजाऱ्याच्या घरी राहू देत नाहीत, तो महाजनांच्या ताब्यात असतो. मूळ संहितेचे स्थान तेच आहे.

या यंत्राच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. १९९५ साली त्याच्या आतील प्रोसेसर पूर्णपणे बदलून ६४ बिटांचे पॉवरपीसी जातीचे झाले. तरीही आवश्यक माहिती जपून ठेवलेल्या जुन्या आज्ञावल्या यंत्राने स्वतःच नव्या रूपात आणून चालवल्या. आज्ञावली आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामध्ये एक स्थिर मध्यस्थ थर ठेवण्याच्या मूळ रचनेचे हे फळ होते. आज्ञावलीत गुंतवलेले पैसे यंत्र बदलल्यावरही वाया गेले नाहीत. महाग वाटणाऱ्या वस्तूची किंमत ठरवताना हा गुण जमेच्या बाजूला मांडावा लागतो.

खर्चाच्या बाजूला एक कमी परिचित नियम आहे. या यंत्रांचे आकारमानानुसार गट पाडलेले असतात आणि आज्ञावल्यांच्या परवान्याचा दर त्या गटावर अवलंबून असतो. पी०५, पी१०, पी२० अशी त्यांची नावे. थोडी अधिक शक्ती हवी म्हणून वरच्या गटातील यंत्र घेतले, की यंत्राच्या वाढीव किमतीबरोबर त्यावरील आज्ञावल्यांचे दरही चढतात. इतर विक्रेत्यांपैकीही अनेकांनी हीच पट्टी वापरली. म्हणून ‘पुढे लागेल’ या विचाराने गरजेपेक्षा मोठे यंत्र घेणे हे दूरदर्शीपणाचे लक्षण नेहमीच नसते. तीन वर्षांत कामाची वाढ किती होईल, याचा लेखी अंदाज खातेप्रमुखांकडून घ्यावा आणि मगच गट ठरवावा. देखभालीचा करार मध्येच सोडून पुन्हा चालू करायचा झाल्यास अधिक आकार पडतो, हेही आधी विचारून घ्यावे. अलीकडच्या वर्षांत परवाना कायमचा न देता मुदतीच्या वर्गणीने देण्याची पद्धत वाढली आहे. तीत आरंभीचा बोजा कमी होतो, पण वर्गणी थांबली की वापराचा हक्कही थांबतो.

याच ठिकाणी डिचोली तालुक्याचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे. लोहखनिजाच्या निर्यातीवर या तालुक्याचे अर्थकारण अनेक दशके उभे राहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत अंतरिम मोकळीक मिळाली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. लिलावाची नवी पद्धत येऊन डिचोलीच्या पट्ट्यात प्रत्यक्ष उत्खनन सुरू होण्यास २०२४ साल उजाडले. या काळात ट्रक दारापुढे उभे राहिले, गॅरेजवाल्यांचे आणि खाणावळींचे उत्पन्न आटले, पतसंस्थांचे हप्ते थकले.

अंदाजपत्रक करणाऱ्याने यावरून स्वतःला एक प्रश्न विचारायचा असतो. उद्या उत्पन्न थांबले, तर आपल्या खर्चाचा कोणता भाग थांबेल आणि कोणता थांबणार नाही? वर गृहीत धरलेल्या आकड्यांत देखभालीचे वर्षाला ३१ हे करारबद्ध आहेत. माणसांचे ३० आणि विजेचे बहुतेक ८ हेही लगेच थांबत नाहीत. म्हणजे संस्थेची सगळी चाके थांबलेली असताना वर्षाला जवळजवळ ७० चा खर्च चालूच राहतो. शिवाय अशा काळात संगणकातील नोंदींची गरज कमी होत नाही, उलट वाढते. किती खनिज काढले, किती वाहून नेले, किती शिल्लक आहे, याचा पुरावा न्यायालयापुढे आणि सरकारपुढे मांडावा लागतो. काट्यावरची एकेक वजनपावती तेव्हा मोलाची ठरते. म्हणून किमान एका वर्षाच्या करारबद्ध खर्चाइतका निधी वेगळा ठेवणे आणि काम थांबल्यास देखभालीचा दर्जा खाली आणण्याची मुभा करारात लिहून घेणे, या दोन गोष्टी डिचोलीच्या संस्थांना तरी अपरिहार्य मानाव्या लागतील.

चलनाचा धोकाही तसाच आहे. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले आणि सुमारे २१ रुपयांचा डॉलर सुमारे २६ रुपयांवर गेला. आयात यंत्राची आणि परवान्याची किंमत अंती डॉलरशी बांधलेली असते. खनिज निर्यात करणाऱ्या कंपनीचे उत्पन्नही परकीय चलनात येत असल्याने तिला हा फटका काही अंशी आपोआप भरून निघतो. पेडण्याच्या पतसंस्थेचे उत्पन्न मात्र संपूर्णपणे रुपयांत असते. एकाच यंत्राचे एकच दरपत्रक या दोन संस्थांना सारखे वाटले, तरी त्यांच्यावरील जोखीम सारखी नसते.

जागा आणि वीज या शीर्षकाखाली मुंबई-पुण्याचे ठोकताळे येथे चालत नाहीत. पेडण्याच्या किनारपट्टीवर खारी हवा धातूच्या जोडांना गंज चढवते. डिचोलीत खनिजाची तांबडी धूळ पंख्यांच्या गाळण्या भरून टाकते. मान्सूनपूर्व आणि परतीच्या पावसात विजा पडतात, आणि जांभ्या दगडाच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग चांगले लागत नाही. कोळसा-मीठ घालून खड्डा करणे, उन्हाळ्यात त्याला पाणी घालणे आणि वर्षातून एकदा रोध मोजून घेणे, ही कामे क्षुल्लक वाटली तरी लाखांचे यंत्र त्यांवर सुरक्षित राहते. नोंदींची दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवण्यात अर्थ नाही. डिचोलीच्या संस्थेने ती पणजी-म्हापशाला ठेवावी आणि वर्षातून दोनदा ती प्रत्यक्ष उतरवून पाहावी. उतरवून न पाहिलेली प्रत म्हणजे कधीही न उघडलेले कुलूप होय. किल्ली लागते की नाही, हे गरजेच्या दिवशीच कळते.

माणसांचा प्रश्न सर्वांत नाजूक. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून गोव्याला अभियंते देत आले, पण आरपीजीसारखी भाषा सहसा नोकरीत शिरल्यावरच शिकावी लागते. शिकून तयार झालेला तरुण पुण्याला किंवा बंगळूरला जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि त्यात त्याचा दोषही नाही. शहाणी संस्था एकाऐवजी दोघांना शिकवते, आज्ञावलीबरोबर तिचे लेखी टिपण मागते आणि त्या टिपणासाठी लागणारा वेळ अंदाजपत्रकात धरते. एकाच माणसाच्या डोक्यात असलेली प्रणाली ही संस्थेची मालमत्ता नव्हे. ती त्या माणसाच्या निवृत्तीच्या तारखेपर्यंत घेतलेली उसनवारी असते.

शेवटी, असे यंत्र प्रत्येकाला हवेच असे नाही. तुये येथील लहान कारखान्याला, पेडण्यातील काजू प्रक्रिया करणाऱ्याला किंवा मोरजी-हरमलच्या पर्यटन व्यावसायिकाला साधा सर्व्हर आणि लिनक्ससारखी मुक्त प्रणाली पुरेशी होईल. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून या तालुक्यात व्यवसायाची स्वप्ने मोठी झाली आहेत. स्वप्नाच्या मापाने यंत्र घेण्याचा मोह अशाच वेळी होतो. ग्रंथालयांपुढे तर न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० साली वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली आहे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ आहे. त्यांना परवान्याचा खर्च नाही. परंतु विनामूल्य म्हणजे बिनखर्ची नव्हे. नोंदी देवनागरीत शुद्ध उतरवणारा मनुष्य, प्रती आणि वीज यांचा खर्च राहतोच. लहान पतसंस्थांना एकत्र येऊन एकच सामाईक यंत्र वापरण्याचा मार्गही खुला आहे. सामाईक बांध राखणाऱ्या भूमीला ही कल्पना परकी वाटू नये.

सहकारी संस्थेच्या पैशात काजूच्या हंगामाची कमाई असते, ट्रकचालकाची बचत असते, मुलीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेली रक्कम असते. संचालकांची सही त्या पैशावर होत असते. म्हणून विक्रेत्याच्या दरपत्रकावर विचार करण्यापूर्वी पाच वर्षांचा, आठही शीर्षकांचा तक्ता सभासदांपुढे ठेवणे ही औपचारिकता नसून विश्वस्ताचे कर्तव्य आहे. आधी बांधाची डागडुजी आणि मग जोण, हा नियम ज्या मातीत रुजला, त्या मातीतील संस्थांनी तो संगणकाच्या युगातही पाळावा, एवढीच अपेक्षा.